सफाईतून सूट

४ सप्टेंबर १९७८

लहानू शिपाई स्टुलावर उभा राहून ओल्या फडक्याने नावं पुसत होता आणि मी खालून एकेक नाव सांगत होतो. शेवटचं पुसून झाल्यावर त्याने मान मागे घेऊन फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, यांच्या जागी कोणाची लिहू. मी म्हटलं, कोणाचीच नको, बाकीचे वाटून घेतील. त्याने आणखी एक नाव पुसलं. ते माझं होतं. मी सांगितलं नव्हतं, पण वर्ग मीच घेणार, तेव्हा ते ओघानेच आलं.

हा फळा सफाईच्या पाळ्यांचा. आमच्या कॉलेजात रोज सकाळी सात ते साडेसात सगळे झाडतात. प्राचार्य, प्राध्यापक, मुलं, मुली, शिपाई. अंगण, व्हरांडे, वसतिगृह आणि पाळीपाळीने संडास. संस्थेचे अध्यक्ष महादेवराव बेचाळीस साली आष्टीहून तुरुंगात गेले होते. तिथून ते ही शिस्त घेऊन आले. कॉलेज काढलं तेव्हा घंटेच्या आधी झाडू विकत आणले, असं सेलूत सांगतात.

उद्यापासून विशेष अभ्यास वर्ग. मुलांनी त्याला आत्ताच ऑनर्स म्हणायला सुरुवात केली आहे. परीक्षा घेऊन बारा जण निवडले. विद्यापीठाची समिती फेब्रुवारीत पाहायला येईल. तिला वर्गात दहा तरी दिसले पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद. वेळेचा प्रश्न मोठा होता. हिंगणीकडची मुलं ज्या बसने येतात ती सातच्या आत पोचते आणि परतीची बस बाराची. मधले सगळे तास भरलेले. उरला तो सफाईचा अर्धा तास.

महादेवरावांकडे परवानगी मागायला गेलो होतो तेव्हा ते म्हणाले, "घ्या. एक वर्ष घेऊन पाहा."

५ सप्टेंबर

पहिला तास चांगला झाला. बाहेर झाडू चालले होते, आत आम्ही बोलत होतो. इतक्या वर्षांत सकाळी सात वाजता माझी कंबर दुखत नव्हती, ही पहिलीच वेळ.

दोघांवर माझी भिस्त. अन्नपूर्णा हिंगणीची, घरी शेती, विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारलं की नेमकं बोलते. चंद्रभान आष्टीचा. बाप मिरची पिकवतो आणि आठवडी बाजारात स्वतःच विकायला बसतो. मुलगा वसतिगृहात राहतो. त्याला मी परवाच वर्षाच्या निबंधासाठी विषय विचारला. म्हणाला, बाजारातली हाळी. कोण काय म्हणून ओरडतो, गिऱ्हाईक पाहून ओरडणं कसं बदलतं, सूर्य उतरला की आवाज का उतरतो. मी दोन रात्री तेच डोक्यात घोळवतो आहे. असा विषय मला एम.ए.ला सुचला असता तर मी सेलूत नसतो.

१९ सप्टेंबर

चंद्रभानच्या निबंधाची पहिली पानं आली. माल उत्तम, मांडणी गबाळी. लाल शाईने नीट करून दिली. तो वाचून म्हणाला, असं नाई ओरडत सर कोणी. मी म्हटलं, ओरडतात तसं अवतरणात राहू दे, बाकीचं तुझं आहे, ते शुद्ध असलं पाहिजे. त्याने मान डोलावली.

७ ऑक्टोबर

वसतिगृहात आमच्या मुलांना नाव पडलं आहे. जावई. बी.ए. अंतिमचा प्रेमदास वसतिगृहाचा सेक्रेटरी आहे. समुद्रपूरकडचा, अंगाने आडवा, तोंडाने गोड. हे डोकं त्याचं. झाडू न मारणारा तो घरचा जावई. सकाळी वर्गाकडे निघाले की व्हरांड्यात झाडणारे बाजूला होऊन वाट देतात आणि म्हणतात, या जावईबापू, पाय भरतील, सांभाळून.

मला हसू आलं. मुलं आहेत. महिन्याभरात विसरतील.

१४ ऑक्टोबर

हिंगणघाटच्या एका मुलाने वर्ग सोडला. कारण पोटदुखी. सकाळी साताला पोट दुखतं, आठाला थांबतं. मी त्याला मोकळं केलं. गाळणी लागणारच होती.

१६ नोव्हेंबर

दिवाळीची सुटी संपून वर्ग सुरू झाला. चंद्रभान वाळला आहे. तो घरी आला तेव्हा माझ्या बायकोने, सुमित्राने, त्याला चहाला थांबवून विचारलं, खाणावळीत पोटभर मिळतं का. तो म्हणाला, सगळ्यात आधी मलेच वाढतेत, काकू. ती हे मला आनंदाने सांगत नव्हती. मी म्हटलं, बरं आहे की. ती भांडी घासायला गेली.

२ डिसेंबर

कापूस वेचणीमुळे तिघे आठवडाभर नव्हते. त्यातला एक परत आला तो वर्गात न येता सरळ झाडू घेऊन अंगणात उतरला. बोलावून विचारलं. म्हणाला, "तिकडंच बरं वाटते सर. बोलाले माणसं राह्यतेत." म्हणजे आता दहा. याच्या खाली जाऊन चालणार नाही.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, वेळ बदलता येईल का. मी बसचं वेळापत्रक पुढे ठेवलं. ते म्हणाले, तुम्हीच पाहा. ते नेहमी हेच म्हणतात.

मला झोप लागत नाही. उठतो, पाणी पितो, समितीपुढे करायचं भाषण मनात पहिल्यापासून सुरू करतो आणि दुसऱ्या परिच्छेदात अडकतो.

२१ डिसेंबर

पहाटे फिरायला म्हणून बाहेर पडलो तो पाय कॉलेजकडेच वळले. वसतिगृहामागे विहिरीवर कोणी पाणी ओढत होतं. चंद्रभान. दोन बादल्या घेऊन संडासाकडे गेला. मी थांबलो. त्याने ओळीने सगळे धुतले, खराटा उभा करून ठेवला, हातपाय धुतले. मला पाहून चपापला.

दिवाळीपासून हे चाललं आहे म्हणे. रोज.

मी विचारलं, तुला सूट आहे हे माहीत नाही का. तो म्हणाला, माहीत आहे. मग कशासाठी. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहून ठेवतो.

"हे ते मोजत नाईत, सर. फळ्यावर नाव नाई त्याचं काम नाई, असं म्हणतेत. मी धुतलं तरी साताले प्रेमदासची पाळीवाली पोरं अजून एकदा धुतेत. माह्यं नाव फळ्यावर लिहून द्या. मी आधी करतो अन् साताले वर्गात येतो. तुमचं काई बिघडत नाई."

मी त्याला समजावलं. एक नाव फळ्यावर गेलं की दहा जातील, आणि दहा गेली की वर्गाची वेळ गेली. शिवाय सूट ही चैन नाही. अभ्यास हेसुद्धा श्रमच आहेत. हे तो इतरांना पटवून देऊ शकतो, त्याच्यापाशी भाषा आहे. तो खाली पाहत होता. उद्यापासून हे बंद कर, असं मी सांगितलं. तो हो म्हणाला.

सुमित्राला सांगितल्यावर ती म्हणाली, "लिहून द्यायचं होतं. एक खडू तर लागणार होता."

तिला यातलं तत्त्व कळत नाही. मी वाद घातला नाही.

३ जानेवारी १९७९

त्याने बंद केलं. लहानूकडून खात्री करून घेतली. निबंध पुढे सरकतो आहे. तिसरं प्रकरण जवळजवळ मीच लिहिलं म्हटलं तरी चालेल, पण दृष्टी त्याचीच.

१३ जानेवारी

स्नेहसंमेलन. आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

दुपारच्या परिसंवादाचा कार्यक्रम आमच्या वर्गाकडे होता. मांडव भरलेला. वर्ध्याहून आलेले पाहुणे, शेजारी महादेवराव, मग प्राचार्य, मग मी. अन्नपूर्णा बोलायला उभी राहिली. दोन वाक्यं झाली असतील. मागच्या ओळीतून प्रेमदास उठला. मला वाटलं, बाहेर जातो आहे. त्याने खुर्चीखालून झाडू काढला आणि झाडायला लागला. त्याच्यामागे दुसरा, मग सगळी ओळ. ओरडा नाही, शिट्टी नाही. वाकून, हळूहळू, ओळीमागून ओळ पुढे येत होते. बसलेल्यांना अदबीने म्हणत होते, पाय घ्या जरा. लोक पाय घेत होते. मांडवात कोरडी माती. पाहता पाहता व्यासपीठ दिसेनासं झालं. अन्नपूर्णा पदराने तोंड झाकून वाचत राहिली. शेवटपर्यंत वाचलं तिने. काय वाचलं ते कोणाला ऐकू आलं नाही.

मी उठलो आणि तसाच उभा राहिलो. काय म्हणणार? या कॉलेजात बोलणाऱ्याला गप्प बस म्हणता येतं, झाडणाऱ्याला थांब म्हणता येत नाही. तशी सोयच नाही. प्राचार्य माझ्याकडे पाहत होते, मी महादेवरावांकडे. त्यांच्या टोपीवर, भुवयांवर धूळ बसली होती. प्रेमदास त्यांच्यापाशी आला तेव्हा त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि तो पुढे गेल्यावर खाली ठेवले.

पाहुण्यांना हा आमचा रिवाज वाटला. खोकत खोकत त्यांनी भाषणात त्याचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्या मागच्या ओळीतून.

चंद्रभान परिसंवादात बोलणार होता. त्याची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, धूळ आहे, मी नाही बोलत.

१४ जानेवारी

संक्रांत. महादेवरावांकडे तिळगूळ घेऊन गेलो. ते गोठ्यात होते. मी म्हटलं, कालचा प्रकार थांबवला पाहिजे, समितीपुढे असं झालं तर वर्ग संपला. त्यांनी शेण काढणं थांबवलं नाही. बाहेर येऊन हात धुतले.

"वासुदेवराव, मी जन्मभर लोकायले झाडा म्हणत आलो. आता झाडू नका कोणत्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, सूट तुम्हीच दिली होती. ते म्हणाले, दिली. हुशार पोरं पुढे जावीत असं त्यांनाही वाटतं. पण दिली त्या दिवसापासून जेवताना आपण काहीतरी विसरलोय असं वाटतं, काय ते आठवत नाही. मग त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि पोरांशी तुम्हीच बोला असं सांगितलं.

१६ जानेवारी

प्रेमदासला बोलावलं. खुर्ची दिली, बसला नाही.

मी विचारलं, शनिवारी काय केलंस ते कळतं का तुला. तो म्हणाला, "झाडलं सर. कचरा होता." चेहऱ्यावर रेष हलली नाही. मग स्वतःच म्हणाला की त्यांचं फार मागणं नाही. ऑनर्सवाल्यांनी रोज नको, रविवारी सकाळी यावं. सगळ्यांबरोबर फळ्यावर नाव लागावं. रविवारी वर्ग नसतो, हिंगणीचे नाही आले तरी चालेल, वसतिगृहातल्यांनी यावं. "तुम्ही बी या सर. तुमच्या हातचे संडास मस्त चमकत होते." बाहेर उभे असलेले हसले.

हे त्याने बोलायला नको होतं. कदाचित मी कबूलही झालो असतो. मी सांगितलं, विचार करीन.

१८ जानेवारी

विचार केला. नाही. आत्ता रविवार मान्य केला तर सूट देण्यातच चूक होती असं ठरतं. मग वर्ग म्हणजे काय, चूकच. प्रेमदासला नकार कळवला. चंद्रभानला वाटेत भेटून सांगितलं. मी म्हटलं, वसतिगृहात कोणी त्रास देतं का. तो म्हणाला, नाई सर, त्रास कोणी देत नाई.

२ फेब्रुवारी

समितीचं पत्र. बारा तारखेला सोमवारी सकाळी येणार. प्राचार्यांनी भिंतींना चुना मारायला सांगितला.

दहाही जण येत आहेत. रोज मोजतो. एखाद्याला उशीर झाला की मी दारापर्यंत जातो. अन्नपूर्णाच्या घरी पाहुणे येऊन गेले असं ऐकलं. तिला विचारलं, परीक्षेपर्यंत तरी काही ठरत नाही ना. ती म्हणाली, बाबा म्हणतेत, वर्ग मंजूर झाला तर पुढचं वर्ष शिकजो. म्हणजे तिचंही याच्यावर आहे. हे आधी माहीत असतं तर प्रेमदासला सांगता आलं असतं. पण त्याला कशाला सांगायचं.

७ फेब्रुवारी

चंद्रभानला निबंध मोठ्याने वाचायला लावला. सफाईदार वाचतो. एकदा मध्येच थांबला आणि मिरचीवाल्याची हाळी प्रत्यक्ष देऊन दाखवू का म्हणाला. मी म्हटलं, समितीपुढे नको, बेंगरूळ दिसेल.

सुमित्रा आतून ऐकत होती. नंतर म्हणाली, "ते मला ऐकायचं होतं."

१० फेब्रुवारी

प्रेमदासची पोरं सोमवारी काय करतील? लहानू म्हणतो, काही ऐकिवात नाही. काही ऐकिवात नसणं हेच वाईट. वर्गाच्या दाराला आतून कडी लावावी का? समितीपुढे ते कसं दिसेल? जेवण जात नाही.

१२ फेब्रुवारी

झालं. मंजूर.

सकाळी सातला समितीचे तिघे वर्गात येऊन बसले. बाहेर नेहमीसारखी सफाई चालू होती, पण आमच्या व्हरांड्याकडे कोणी फिरकलं नाही. आवाज नाही, धूळ नाही. मी एका कानाने सारखा बाहेर ऐकत होतो. अन्नपूर्णाने प्रश्नांची उत्तरं दिली. चंद्रभानने निबंध वाचला, एकही अडखळ नाही. समितीतले ज्येष्ठ म्हणाले, ग्रामीण विद्यार्थ्याकडून इतकी प्रौढ भाषा अपेक्षित नव्हती. चहाच्या वेळी त्यांनी सांगूनच टाकलं, पुढच्या तीन वर्षांची शिफारस करतो.

प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटतं, मी ठाम राहिलो त्याचा पोरांवर परिणाम झाला. वाकलो असतो तर आज मांडवासारखंच झालं असतं.

संध्याकाळी चंद्रभान घरी आला. मी त्याला आत बसवलं, सुमित्राने खीर दिली. त्याने खाल्ली. वाटी खाली ठेवून म्हणाला की उद्यापासून तो वर्गात येणार नाही, साध्या बी.ए.ला राहील.

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, आजचं यश तुझं आहे. आता कशाला?

तो म्हणाला, "प्रेमदासले म्हटलं होतं, कमेटी येऊन जाईपर्यंत काई करू नका. मंग मी झाडाले येतो. तुमचं काम झालं सर. अन्नपूर्णाचं बी झालं."

मी विचारलं, असा शब्द द्यायची काय गरज होती, त्रास नाही म्हणत होतास ना. सुमित्रा दारात उभी होती. तिने विचारलं, खाणावळीत काय करतात रे तुला. मग त्याने सांगितलं, तिच्याकडे पाहून.

"पाट मांडतेत, काकू. जावयाले मांडतेत तसा. सगळे खाली बसतेत अन् मले पाटावर बसवतेत. रांगोळी काढतेत. आधी वाढतेत, आग्रह करतेत. मी जेवून उठलो का मंग ते जेवाले बसतेत. बाकीचे ऑनर्सवाले घरून डबा आणतेत, नाई तर रूमवर हातानं करतेत. मले परवडत नाई. दसऱ्यापासून माह्यासंगं कोणी जेवलं नाई."

सुमित्रा आत गेली ती बाहेर आली नाही.

मी त्याला खूप सांगितलं. एका पाटासाठी तो काय सोडतो आहे, नागपूर, एम.ए., एवढी दृष्टी. मित्र येतात, जातात. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, आज त्याची पाळी लावून घेतली आहे, प्रेमदासने फळ्यावर नाव लिहिलं, उद्या लवकर उठायचं आहे. पाया पडला आणि गेला. निबंध माझ्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, तुमचाच आहे.

हुशार मुलाला एकटं राहण्याची ताकद लागते, ती त्याच्यात नाही. वाईट वाटतं. वर्गाला धोका नाही, शिफारस झाली आहे. पुढच्या वर्षी निवडताना हे पाहायला हवं.

सुमित्राने मला वाढलं आणि स्वतः नंतर जेवते म्हणाली. मी म्हटलं, बस ना बरोबर. भूक नाही म्हणाली.

१३ फेब्रुवारी

सकाळी सातला वर्गात नऊ जण होते. शिकवायला सुरुवात केली. वसतिगृहामागून बादल्यांचा आवाज आणि मोठ्याने हसणं ऐकू आलं. कोण ते मला ओळखता येईना. अन्नपूर्णा म्हणाली, चंद्रभान आहे सर. मी तास पुढे चालू ठेवला.